स्ट्रॅटेजी गेममधले तह आणि व्यापारी करार : मुदत किती असावी?

सुकाणू

रत्नागिरी, चिपळूण, दापोली इथले काही जण आणि मुंबईला स्थायिक झालेले काही चाकरमानी असे मिळून आम्ही सिव्हिलायझेशन ६ या राज्य उभारण्याच्या संगणकावरच्या गेमचा क्लाउडवरचा सामना खेळतो. प्रत्येकाने सवडीप्रमाणे आपली टर्न, म्हणजे पाळी, खेळायची आणि पुढच्याकडे सोपवायची, अशी ती पद्धत आहे. नवा सामना नारळी पौर्णिमेनंतर मांडायचा आहे. त्याआधी एका नियमावर आमचे एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. तह आणि व्यापारी करार किती टर्न बंधनकारक असावेत, हा तो प्रश्न आहे.

मूळ गेममध्ये प्रमाण वेगावर व्यापारी करार ३० टर्नचा असतो आणि युद्ध संपल्यावरचा शांततेचा तह १० टर्नचा. मित्रत्वाची घोषणाही ३० टर्नच चालते आणि तेवढ्या काळात मित्रावर युद्ध पुकारण्याचे बटणच मिळत नाही. हे आकडे मॉडने (गेममध्ये फेरफार करणाऱ्या जोड-फाइलने) बदलता येतात, त्यामुळे अडचण तांत्रिक नाही. काय बदलावे याबद्दलच मतभेद आहेत.

माझा मुख्य आक्षेप असा आहे की, ३० हा एकच आकडा खेळाच्या सुरुवातीला आणि शेवटी अगदी वेगवेगळे काम करतो. दिनदर्शिकेत सुरुवातीची एक टर्न ४० वर्षांची असते, म्हणजे इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास केलेला द्राक्षारसाचा करार बाराशे वर्षे चालतो, आणि आधुनिक काळातला तोच करार ३० वर्षांत संपतो. हा विनोद बाजूला ठेवला, तरी खेळाडूच्या दृष्टीने गोष्ट नेमकी उलटी आहे. प्राचीन युगात ३० टर्नांमध्ये जेमतेम दोन-तीन शहरे वसतात आणि परिस्थिती फारशी बदलत नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र ३० टर्नांमध्ये अख्ख्या सामन्याचा निकाल लागतो, आणि ज्याला आपण तेल देत असतो तोच आपल्या दारात रणगाडे उभे करतो. त्यामुळे युग पुढे सरकेल तशी मुदत आखडत जावी, असे माझे मत आहे. वस्तूंच्या करारांना लहानशी किमान मुदत असावी, आणि ती संपल्यावर कोणीतरी पूर्वसूचना देईपर्यंत करार आपोआप चालू राहावा. आपले मत कळवावे.

पट_आणि_फासे

तुम्ही सुचवता त्याच्या जवळपासची पद्धत या मालिकेत पूर्वी होती. सिव्हिलायझेशन ३ मध्ये करार २० टर्न बांधील असे आणि त्यानंतर कोणी मोडेपर्यंत किंवा नव्याने बोलणी करेपर्यंत तसाच चालू राही. चौथ्या भागात ही बांधीलकी १० टर्नांवर आली आणि पुढे करार बेमुदत झाला. पाचव्या आणि सहाव्या भागांत मात्र ३० टर्न झाल्या की करार आपोआप संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून बोलणी करावी लागतात. माझ्या मते चौथ्या भागाचीच रचना सर्वांत शहाणपणाची होती, आणि ती का सोडली हे मला आजवर पटलेले नाही.

ठरावीक मुदत संपण्याचा जाच कसा असतो हे पाचवा भाग खेळलेल्यांना सांगायला नको. त्यात प्रत्येक चैनीच्या वस्तूमागे प्रजेचे समाधान ४ अंकांनी वाढते. घाईघाईत एकाच टर्नला तिघांशी करार केले असतील, तर ते तिन्ही एकाच टर्नला संपतात आणि एका फटक्यात १२ अंक जातात. शहरांची वाढ खुंटते, सैन्याचा जोर कमी होतो, आणि समोरच्याला आपली निकड दिसत असल्यामुळे नव्या करारात तो अवाच्या सवा भाव मागतो. मुदत संपणे ही खरे तर मुत्सद्देगिरीची संधी असायला हवी. इथे ती वहीत लिहून ठेवायची तारीख होऊन बसते.

शांततेच्या तहाबाबत मात्र युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ या दुसऱ्या स्ट्रॅटेजी गेमकडून शिकण्यासारखे आहे. तिथे युद्धविरामाची मुदत ५ ते १५ वर्षे असते आणि तहात जितके जास्त ओरबाडून घेतले असेल तितकी ती लांबते. मोठा लचका तोडणाऱ्याला पराभूताला सावरण्यासाठी मोठा अवधी द्यावाच लागतो. आपल्याकडे एक शहर घेतले काय आणि पाच घेतली काय, दहाच टर्न मिळतात, आणि मग जिंकणारा अकराव्या टर्नला उरलेले उचलायला परत येतो.

खाडीकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले आणि दोन्हींशी असहमत आहे. तुम्ही मुदतीच्या आकड्यावर चर्चा करत आहात, पण दुखणे आकड्यात नसून करार मोडल्यावर काय होते यात आहे.

पाचव्या भागातली जुनी लबाडी आठवा. संगणकाच्या राजाला दर टर्नला थोडे थोडे सोने द्यायचे कबूल करायचे, त्या बदल्यात एकरकमी मोठी रक्कम उचलायची, आणि पुढच्याच टर्नला त्याच्यावर युद्ध पुकारायचे. युद्धामुळे करार रद्द झाला आणि कर्ज बुडाले! करार ३० टर्नचा होता की ३०० टर्नचा, याने काडीचा फरक पडत नव्हता. अखेर २०१३ च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारात एकरकमी सोन्याचा व्यवहार मित्रत्वाची घोषणा केलेल्या देशांपुरताच ठेवण्यात आला, तेव्हा ही वाट बंद झाली. मुदत तीच राहिली. बदलले ते इतकेच, की उधार कोणाकडून मागता येईल.

उलट टोकाचा अन्याय तिसऱ्या भागात होता. व्यापाराचा रस्ता तिसऱ्याच शत्रूने उखडला आणि माल पोहोचला नाही, तरी शब्द मोडल्याचा ठपका आपल्यावर येई आणि उरलेल्या खेळात कोणी आपल्याला उधारीवर काही देत नसे. म्हणून नियम करायचाच असेल तर त्यात आस्मानी-सुलतानीने तुटलेला करार आणि जाणूनबुजून तोडलेला करार यांत भेद हवा. तेवढा केलात, तर मुदत कितीही ठेवा, माझी हरकत नाही.

देवगड_कलम

खाडीकाठ, शिक्षेचा मुद्दा मान्य आहे, पण मुदतीचा परिणाम करार मोडण्यापुरता नसतो. करार पूर्ण पाळूनही माणूस शेवटी शेवटी वेगळा वागतो, आणि ते मुदत ठाऊक असल्यामुळे घडते.

आमच्याकडे हापूसची बाग कराराने देतात. एका हंगामासाठी बाग घेतलेल्या माणसाचे लक्ष त्या हंगामाच्या फळावर असते. पावसाळ्यात तो बुंध्याभोवती गोल भोके पाडून कल्टार हे मोहोर आणणारे रसायन ओततो, मोहोर लवकर आणि भरपूर येतो, पहिल्या पेट्या वाशीला चढ्या भावाने जातात आणि त्याचा हिशेब तिथे संपतो. शेणखत, छाटणी, फांदीवरचे बांडगूळ काढणे या गोष्टींचा लाभ पुढच्या वर्षांत मिळायचा असतो, आणि ती वर्षे त्याची नसतात. मात्रा वाढवत नेलेले, पण खत न मिळालेले कलम काही वर्षांत कसे दिसते, हे इथल्या कोणालाही विचारा : टोकाच्या काड्या वाळलेल्या, पालवी आखूड आणि गुच्छासारखी. तेच कलम पाच-सात वर्षांसाठी घेतलेला माणूस पहिल्या वर्षी खिशातून पैसे घालून आधी खत घालतो. दोघेही करार अक्षरशः पाळत असतात.

मागच्या सामन्यात हेच झाले. माझ्या मित्रराष्ट्राचा व्यापारी मार्ग माझ्या सामुद्रधुनीतून जात होता आणि रानटी जहाजांपासून तो राखण्याचे त्याने कबूल केले होते. मुदतीच्या अखेरच्या पाच-सहा टर्नांमध्ये त्याने सगळी गलबते निमूटपणे आपल्या बंदरात नेली. करार कुठेच मोडला नव्हता, म्हणून तक्रारीलाही जागा नव्हती. शेवटचा दिवस ठरलेला नसता, तर तो असे वागला नसता. म्हणून सुकाणू यांच्या 'किमान मुदत आणि मग पूर्वसूचना' या प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे.

बखरवाचक

चर्चेत इतिहासाची भर घालतो, विषयाला धरूनच.

आपल्याकडचे तह पाहिले, तर टिकण्याचा काळ आणि कागदावरची मुदत यांचा संबंध फार थोडा दिसतो. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले. १६७० मध्ये ते परत घेण्याची मोहीम सुरू झाली, म्हणजे तह पाचएक वर्षे टिकला. १७८२ चा सालबाईचा तह मराठे आणि इंग्रज यांच्यात दोन दशके टिकला, आणि दोघांनाही दुसरीकडची कामे असल्यामुळे टिकला. लहान लचका आणि मोठा लचका हा पट_आणि_फासे यांचा मुद्दा इथे बरोबर लागू पडतो : २३ किल्ले गेलेला पक्ष गप्प बसणार नव्हताच.

पण मला दोन वेगळ्या प्रकारच्या मुदतींकडे लक्ष वेधायचे आहे, कारण हे गेम त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पहिली म्हणजे काम होईपर्यंतची मुदत. पेशवे आणि इंग्रज यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध हातमिळवणी केली, १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग. काम झाले, पण इंग्रज विजयदुर्ग सोडेनात. ऑक्टोबर १७५६ मध्ये वेगळा तह करून बाणकोट त्यांना दिले, तेव्हा किल्ला पेशव्यांकडे आला. आपल्या गेममध्ये संयुक्त युद्ध पुकारता येते, पण जिंकलेले शहर कोणाचे आणि ते कधीपर्यंत सोपवायचे याला करारात जागाच नाही.

दुसरी मुदत माणसाशी बांधलेली असते. कान्होजी आंग्रे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात १७१३ मध्ये समेट झाला होता. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला आणि पुढच्या काही वर्षांत तोफा पुन्हा सुरू झाल्या. क्रुसेडर किंग्ज मालिकेने हे नेमके पकडले आहे : तिथे मैत्री सोयरिकीतून जुळते आणि राजा मेला की बहुधा तीही सरणावर जाते. आपल्या सामन्यात राजा मरत नाही, पण खेळाडू बदलतो. एखाद्याला नोकरीमुळे जमेनासे झाले आणि त्याच्या जागी बदली खेळाडू बसला, तर आधीच्याचे करार त्याच्यावर बंधनकारक आहेत का? मागच्या वेळी याच प्रश्नावरून दोघांचे बोलणे बंद झाले होते, हे सुकाणू यांनी धाग्यात सोयीस्करपणे गाळले आहे.

सुकाणू

गाळले नव्हते, शेवटी मांडणार होतो. प्रश्न खरा आहे.

अंजनवेल_दीप

लहान मुदतीच्या बाजूने इतके लोक बोलत आहेत, म्हणून मुद्दाम दुसरी बाजू मांडतो. काही करार लांब असल्याशिवाय होऊच शकत नाहीत, कारण त्यांत घातलेला पैसा वसूल व्हायलाच वर्षे लागतात.

आमच्या गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीज प्रकल्प हे डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी आणि राज्य वीज मंडळ यांच्यात डिसेंबर १९९३ मध्ये २० वर्षांचा वीजखरेदी करार झाला. एवढी मुदत नसती, तर कर्ज देणाऱ्या बँका तयारच झाल्या नसत्या. १९९५ मध्ये सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा जिवंत झाला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बिलांच्या वादात ती बंद पडली. ज्याला जे वाचायचे ते यातून वाचता येते. कोणी म्हणेल, २० वर्षे हातपाय बांधून घ्यायलाच नको होते. मला वाटते की चूक लांबीत नव्हती. लांब करारात दर आणि मागणी बदलली तर काय करायचे, याची सोय अपुरी होती. परिस्थिती बदलली की पाळणे किंवा मोडणे, एवढ्या दोनच वाटा उरल्या.

गेममध्ये असे लांब पल्ल्याचे काम फार थोडे आहे, आणि म्हणून आपल्याला लहान मुदत पुरेशी वाटते. पण आहे. सहाव्या भागात युती जितकी टिकेल तितके तिचे गुण साठतात, पातळी चढते आणि फायदे वाढतात. पाचव्या भागात संशोधन करार होता : दोघांनी सोने घालायचे, ३० टर्न थांबायचे, तेव्हा फळ मिळायचे, आणि मधे युद्ध झाले की दोघांचे पैसे पाण्यात. अशा व्यवहारांना दहा टर्नची मुदत लावलीत, तर ते कोणी करणारच नाही. माझी सूचना अशी की, ज्याला परतावा उशिरा मिळतो त्याची मुदत लांब ठेवावी, पण मध्यावर एकदा भाव फेरतपासण्याचा हक्क दोघांनाही द्यावा.

नवा_भिडू

मी नवखा आहे, म्हणून विचारतो. बंधन हवेच कशाला? डिप्लोमसी हा पटावरचा खेळ १९५९ पासून खेळला जातो आणि त्यात कोणतेही वचन बंधनकारक नाही. एज ऑफ एम्पायर्स २ मध्येही संघ कुलूपबंद केलेले नसले, तर एका क्लिकमध्ये मित्र शत्रू होतो. कोणावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

पट_आणि_फासे

प्रश्न योग्य आहे. डिप्लोमसीमध्ये सातही खेळाडू आपले हुकूम गुपचूप लिहितात आणि ते एकदम उघडले जातात, त्यामुळे दगा हा त्या खेळाचा गाभा आहे आणि त्यापासून वाचण्याची समान संधी प्रत्येकाला असते. आपल्या क्लाउडच्या सामन्यात टर्न एकामागून एक होतात. माझ्या नंतर खेळणारा दगा देतो, तेव्हा माझे सैन्य कुठे आहे ते त्याला दिसत असते आणि मी कदाचित कामावर असतो. इथे दगाबाजाला बुद्धीपेक्षा वेळापत्रकाचा फायदा मिळतो. म्हणूनच मला फ्रीसिव्ह या मुक्त गेमची पद्धत आवडते : शांततेचा करार रद्द करता येतो, पण प्रत्यक्ष युद्ध १६ टर्नांनंतरच सुरू होते. दगा देण्याची मुभा आहे. तो झोपेत देण्याची नाही.

खाडीकाठ

हे मला पटले. माझी जागा थोडी बदलतो : शिक्षेइतकीच पूर्वसूचना महत्त्वाची आहे. पण १६ फार होतात. आपल्याकडे पावसाळ्यात वादळी वारा सुटला की दोन-दोन दिवस वीज नसते आणि एकेक टर्न रेंगाळते. सोळा टर्नांच्या सूचनेत युद्धाची हौसच जिरेल.

सुकाणू

सर्वांचे ऐकून मसुदा मांडतो. त्यावर आक्षेप असतील तर येथेच नोंदवावेत.

वस्तू आणि दर टर्नचे सोने यांचा करार मॉडने १० टर्नचा करू. तो संपताच त्याच अटींवर पुन्हा करणे दोघांवर बंधनकारक राहील, मात्र कोणी ५ टर्न आधी गटात लेखी सूचना दिली असेल तर नाही. आधुनिक युगापासून ही सूचना ३ टर्नांवर येईल. युद्धानंतरच्या शांततेसाठी गेमच्या १० टर्न तशाच राहतील आणि तहात मिळालेल्या प्रत्येक शहरामागे जिंकणाऱ्यावर आणखी ५ टर्नांचे बंधन येईल. युतीला ३० टर्न कायम ठेवू आणि अंजनवेल_दीप म्हणतात तशी पंधराव्या टर्नला अटींची फेरतपासणी मागता येईल. ती मागितली म्हणून कोणी करार मोडला असे धरले जाणार नाही. संयुक्त युद्ध पुकारताना कोणते शहर कोणाकडे जाणार हे आधी गटात लिहावे लागेल आणि शहर पडल्यापासून ५ टर्नांत ते सोपवावे लागेल. तिसऱ्याने माल लुटला किंवा खाण बळकावली, तर तो करारभंग नाही.

एकरकमी सोने घेऊन दर टर्नला परतफेड करण्याचा व्यवहार फक्त युतीतच होईल. यावर चर्चा नको, मागच्या वेळी पुरेशी झाली.

बदली खेळाडूबाबत माझे मत असे की, वस्तूंचे करार आणि शांतता त्याच्यावर बंधनकारक असावेत, कारण ते देशाचे आहेत. युती मात्र त्याला पहिल्या ३ टर्नांत कोणताही ठपका न येता सोडता यावी.

बखरवाचक

युती सोडण्याची मुभा समोरच्यालाही हवी. ज्याच्याशी मैत्री केली तो उठून गेला आणि भलताच माणूस खुर्चीत बसला, तर बांधीलकी एकतर्फी कशी राहील?

सुकाणू

मान्य. दोघांनाही ३ टर्न.

देवगड_कलम

मसुदा मान्य आहे. फक्त एक शंका : ५ टर्नांची सूचना मोजायची कुठून? मी माझी टर्न खेळून सूचना दिली आणि समोरच्याने त्या फेरीतली आपली टर्न आधीच खेळलेली असली, तर त्याला प्रत्यक्षात चारच टर्न मिळतात. शेवटच्या पाच-सहा टर्नांत काय चालते हे वर लिहिलेच आहे.

सुकाणू

ज्याला सूचना मिळाली त्याच्या पुढच्या टर्नपासून मोजायची, आणि पाचवी टर्न त्याने स्वतः खेळून संपवली की करार सुटला असे धरायचे. सूचना देणाऱ्याच्या टर्न मोजायच्या नाहीत. मसुद्यात तसे घालतो.